खाणीच्या पाण्यातले ठोकळे

पहिलाच ठोकळा शुभदाच्या हातात येता येता फुटला. कोपरा निखळून पाण्यात पडला आणि उरलेल्या भागावर तिनं नख फिरवलं तर ओल्या खडूसारखी पूड निघाली. दुसरं कोणी असतं तर हळहळलं असतं. शुभदा मात्र खूश झाली.

कारण हा ठोकळा साध्या सिमेंटचा होता. तो फुटायलाच हवा होता.

राजूरकडच्या कोळसा खाणीतून उपसलेलं पाणी या नाल्यात येतं आणि ते सिमेंट खातं. तांड्याजवळचा जुना पूल खांबांपासून पोखरत गेला आणि एके दिवशी बसलाच. गेल्या पावसाळ्यात तांड्यातल्या म्हाताऱ्या रुक्माबाईच्या सुनेला, पुष्पाला, कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घालून छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे नेलं होतं. बाळ वाचलं. पण तेव्हापासून तांड्यातल्या बायका आभाळ भरून आलं की गप्प व्हायच्या.

आता नवा पूल मंजूर झाला होता. प्रश्न एवढाच होता की त्याचे खांब कशाचे करायचे. यवतमाळच्या कॉलेजात शुभदानं सिमेंटमध्ये राख मिसळून एक मसाला तयार केला होता. प्रयोगशाळेत तो झकास टिकला. पण प्रयोगशाळेतली आम्लाची बादली वेगळी आणि चार पावसाळे अंगावर घेणारा नाला वेगळा. म्हणून तिनं दोन्ही प्रकारचे ठोकळे तारेनं बांधून नाल्यात सोडले होते आणि अधूनमधून येऊन ती ते तपासत होती. आजची तपासणी शेवटची. ठोकळे टिकले तर पूलही झाला आणि पीएच.डी.ही झाली. नाही टिकले तर चार वर्षं पाण्यात.

काठावर रुक्माबाई बसली होती. नाल्याला लागूनच तिचं वावर आणि घर. अख्खा तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचा; शुभदाही तेच म्हणू लागली होती. अगदी पहिल्या दिवशी शुभदानं तिला आपल्या मसाल्याचे ठोकळे दाखवून सांगितलं होतं, "याडी, बाकीच्यांचं काही नाही, पण हे माझ्या हातचे आहेत. माझं सगळं यांच्यावर आहे. इथंच नाल्यात राहू द्या, फक्त लक्ष ठेवा."

"दुसऱ्याचा माल आमच्या हाती आला का आमी झोपत नाही, पोरी," रुक्माबाई म्हणाली होती. "आमच्या आज्यानं बैलाईवर मीठ वाह्यलं. कुठच्या कुठी. पोचलं तवा खडाभर कमी नोयतं."

शुभदाला तेव्हा हसू आलं होतं. मिठाची आणि काँक्रीटची काय बरोबरी!

"पूर लय आलता व या खेपेले," आता रुक्माबाई म्हणाली.

"त्याचीच धाकधूक होती. म्हटलं, माझे वाहून गेले की काय!"

"तुहे कुठी जातेत!" रुक्माबाईनं पदरानं तोंड पुसलं.

खरंच कुठं गेले नव्हते. साध्या सिमेंटच्या ठोकळ्यांपैकी निम्मे पुरानं नेले होते, पण शुभदाचे सगळेच्या सगळे जागेवर होते. आपण तार चांगली पिळली होती म्हणून तिनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग तिनं त्यातला एक उचलला आणि बघतच राहिली. कडा कालच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता. इतका घट्ट मसाला, की शेवाळालाही बूड टेकायला जागा मिळाली नसणार.

तिनं यंत्र काढलं. ठोकळ्याच्या एका बाजूनं आवाजाची लहर सोडायची आणि दुसऱ्या बाजूनं पकडायची. आत भेग असली की लहर रेंगाळते. साध्या ठोकळ्यात ती रेंगाळली. शुभदाच्या ठोकळ्यातून सुसाट पार झाली. यंत्रच बिघडलं असेल म्हणून तिनं पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा. तेच आकडे. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

यज्ञेश्वर सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. कौतुकाच्या बाबतीत माणूस महाकंजूष. तिनं फोनवर त्यांना आकडे सांगितले.

"पुन्हा तपास."

"तपासलं, सर. सगळे तसेच आहेत."

"शाब्बास," सर म्हणाले. हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पुलाची माणसं तुझ्याच आकड्यांसाठी अडून बसलीत. त्यांना आत्ताच कळवतो. उद्या खांब ओतायला घेतील."

शुभदानं चिखलाच्या हातांनीच रुक्माबाईला मिठी मारली. "याडी, पूल होणार! आपल्याच मसाल्याचा! तुमचा नातू त्याच्यावरूनच शाळेत जाईल!"

"सारे चांगले निंगाले ना? एकबी झिजला नाही?"

"एकही नाही."

"बस झालं मंग. माह्या जिवाले लय घोर होता." म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

"याडी, आता हे अजून थोडी वर्षं इथंच ठेवू. तुम्ही आहातच."

रुक्माबाईचा चेहरा उतरला. "नको व पोरी. माह्यानं नाही होत आता. कंबर गेली माही."

"कमरेचा काय संबंध? नाल्यात तर पडून राहायचंय त्यांना."

"नाल्यात?" रुक्माबाईनं तिच्याकडे मायेनं पाहिलं. "लेकरा, हे पाणी बैलबी पेत नाही, त्याच्यात तुह्या हातचं टाकून देईन व्हय मी? पह्यल्या दिसापासून घरात गोधडीत हायेत ते. तू येतो म्हनली का आदल्या सांजी टोपल्यात घालून आनतो अन् तुह्यावानी बांधून ठेवतो, तुले वाईट नको वाटाले म्हून."