ओला हातमोजा, डावा हात

चाकू निवडणं हे बायको निवडण्याहून जोखमीचं काम आहे, असं कॉर्बिन कोव्हच्या बंदरावर प्रत्येक पुरुष गंभीरपणे मानतो. एल्डन बीलने बायको नाचाच्या एकाच संध्याकाळी निवडली होती. चाकूच्या काउंटरपाशी मात्र तो दीड तास उभा होता, आणि तीच बायको, व्हर्ना, त्याचा डावा रबरी हातमोजा पुन्हा पुन्हा बादलीत बुडवत होती. एल्डनच्या बुटाला दोर बांधलेला होता. दुसरं टोक काउंटरच्या पायाला.

गेल्या गुरुवारी गेलन ॲलीची बोट रिकामीच गोल गोल फिरताना दिसली. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडायचे पिंजरे पाण्यात सोडताना, मागून सुटणाऱ्या दोरात त्याचा पाय अडकला होता. एल्डनने आपल्या बोटीवरून तो दोर ओढून घेतला. एक पिंजरा आला, मग गेलन, मग दुसरा पिंजरा. त्याच्या मुठीत वडिलांचा चाकू होता, नखाने खाच धरून दोन हातांनी उघडायचा. मिटलेला. अंगठ्याचं नख निघून गेलं होतं.

म्हणून व्हर्नाच्या अटी होत्या. डावा हात, कारण उजव्याने बोटीची कड धरलेली असणार. ओला हातमोजा, कारण कोरडा कधीच नसतो. आणि दहा आकडे, कारण दोर संपायला तेवढाच वेळ लागतो. हे एल्डननेच तिला एकदा बढाई मारताना सांगितलं होतं.

पहिला चाकू हातमोज्यातून निसटून बादलीत पडला. दुसरा खिशातच उघडला. एल्डन काही क्षण अजिबात हलला नाही.

"लागलं?" व्हर्नाने विचारलं.

"पँटला."

"जपून रे," रंगाच्या डब्यावर बसलेला म्हातारा मर्ल म्हणाला. "त्या खिशाला लागून तुझी बरीच मालमत्ता आहे."

"बरीच नाही," व्हर्ना म्हणाली. "वेल्डन, पुढचा काढ."

दुकानदार वेल्डनने काचेखालून तिसरा काढला. "यातली स्प्रिंग चांगली आहे. पात्यामागचं हे टोक बोटाने जरासं दाबायचं. उरलेलं काम तो करतो."

"पहिलाही करणार होता."

"तो स्वस्तातला होता, बाई."

व्हर्ना मोजू लागली. दोनला एल्डनची बोटं खिशावर घसरली. चारला चाकू बाहेर आला. पाचला खट् झालं. तो वाकला आणि आठला दोर तुटला. मर्लने टाळ्या वाजवल्या.

"खाऱ्या पाण्याने स्प्रिंग गंजते," वेल्डन म्हणाला. "दर रविवारी तेलाचा एक थेंब."

"चर्चच्या आधी की नंतर?" एल्डनने विचारलं.

"परत," व्हर्ना म्हणाली, आणि खाली बसून नवा दोर बांधू लागली.

परत सात. परत सात. मग सहा. वेल्डनने दोराचं आणखी एक वेटोळं आणलं. पुढच्या खेपेला व्हर्ना तीनवरच थांबली. एल्डनने न मोजताच दोर कापला.

वेल्डनच्या डोक्यावर पाण्यात तरंगायची नारिंगी जाकिटं टांगलेली होती, उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी. व्हर्ना त्यांच्याकडे बघत राहिली.

"ते घालून पिंजरे ओढणारा मी जन्मात एकच पाहिला," मर्ल म्हणाला. "आम्ही त्याला भोपळा म्हणायचो. नव्वदाव्या वर्षी अंथरुणात मेला, तेव्हाही भोपळाच म्हणत होतो."

सगळे हसले. एल्डन सगळ्यात मोठ्याने.

"हाच देतो?" वेल्डनने विचारलं.

"हाच," एल्डन म्हणाला. त्याने चाकू पुसला, मिटला आणि डाव्या खिशाच्या कडेला अडकवला. मग हातमोजा काढून व्हर्नाच्या खांद्यावर थोपटलं. "झालं समाधान? सहा आकडे. तुझे चार उरले."

व्हर्ना उठली नव्हती. तिच्या हातात दोराचे तुकडे होते.

"आणि कापल्यावर?" तिने विचारलं.

"कापल्यावर काय? मोकळा."

एल्डनला पोहता येत नाही. बंदरावर कुणालाच येत नाही. शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, आणि तिथलं पाणी फार थंड असतं.