कपावरचा ठिपका

"रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या विषाणूची लागण तुम्हालाही झाली होती," डॉक्टर म्हणाले, तशी मी खुर्चीतून उठलेच. "जत्रेत दोघी बहिणींनी एकाच सुईने गोंदवून घेतलंत ना? तुमच्या शरीराने तो ओळखून घालवला, धाकटीच्या शरीराला ओळखता आला नाही. जनुकांतला जन्मजात फरक."

घरी येऊनही मला बसवेना. अकरा वर्षं धाकट्या कुमुदचा कप मी वेगळा ठेवला होता, चुकू नये म्हणून कपाच्या कानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून. उष्ट्याने हा आजार होत नाही, हे ती सांगून थकली होती.

तो ठिपका मी नखाने खरवडत राहिले. निघेना.

डॉक्टर काय म्हणाले ते माझ्याकडून ऐकून कुमुदने चहा ओतला आणि नेलपॉलिशची बाटली माझ्यापुढे सरकवली.

"राहू दे गं ताई. तुझ्या कपालाही लाव."