बस वाचवा सभा

चर्चचा हॉल गच्च भरला होता. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे होते. कौन्सिल गावाची एकुलती एक बस बंद करणार म्हणून सगळे खवळले होते.

"दरवर्षी कर वाढवायचा आणि वर बसही काढून घ्यायची?"

"लंडनमध्ये एकामागून एक बसगाड्या. आम्ही काय माणसं नाही?"

कोणी कोणाचं ऐकेना, तेव्हा सभा चालवणाऱ्या हॉवर्डनं गाडीची किल्ली टेबलावर ठकठक वाजवली. "एकेकानं बोला. ही बस म्हणजे गावाचा जीव आहे. तो आपण जाऊ द्यायचा नाही."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बेरिलबाई कोटाची बटणं लावत उठल्या.

"तुमचं चालू द्या. वरच्या वस्तीची शेवटची बस सातला सुटते, मला निघायला हवं."

"बघा," हॉवर्ड म्हणाला, "यांच्यासाठीच भांडतोय आपण." पुन्हा टाळ्या. बेरिलबाई लाजल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आज फार बरं वाटलं बघ, हॉवर्ड. संध्याकाळी बसमध्ये मी आणि ड्रायव्हर, दोघंच असतो. मला वाटायचं, मी एकटीच उरले. तुम्ही सगळे सकाळच्या फेरीला असता होय?"

त्या उत्तरासाठी थांबल्या. हॉवर्डनं किल्ली मुठीत घट्ट धरली आणि आवाज होणार नाही अशी खिशात सरकवली.