मागचं बेअरिंग

बायकोने दोन्ही हातांनी कान झाकले, तेव्हा त्याला कळलं की लेथ अजून ओरडतोय.

त्याने बटण बंद केलं. तिने हात खाली घेतले आणि नुसती मान हलवली. तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला.

तो कातारी होता. पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, लाटणी, काय म्हणाल ते लेथवर कातून द्यायचा. लाकडात आत चीर असली की पटाशी टेकताच आवाज बदलतो. तो बदल कारखान्यात सगळ्यांच्या आधी त्याला कळायचा. मग त्याचे कान वाहायला लागले. औषधं झाली, कानात घालायचं यंत्र झालं. यंत्र घातलं की पू वाढायचा, म्हणून तेही सुटलं. बाहेरचे आवाज एकेक करून गेले. स्वतःचा आवाज तेवढा डोक्यात घुमायचा, त्यामुळे तो पुटपुटल्यासारखा बोले. त्याच्याशी मात्र सगळ्यांना ओरडावं लागे. बायकोचा तर घसा कायम बसलेला. इतकं करून त्याच्यापर्यंत काय पोहोचायचं, तर कोणीतरी काहीतरी बोलतंय, एवढंच.

एकदा कारखान्यात त्याने चिरलेला ठोकळा लेथवर चढवला. आवाज सगळ्यांनी ऐकला, हाकाही मारल्या. त्याला कळेपर्यंत ठोकळा फुटून शेजारच्या कामगाराच्या कपाळावर बसला होता. डोळा थोडक्यात वाचला. मालकाने खांद्यावर हात ठेवून त्याला घरी पाठवलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी एकट्याने काम केलं तर दुसऱ्या कोणाला इजा होणार नाही, असं म्हणून त्याने हा लेथ आणला. एका बंद पडलेल्या शाळेच्या शेडमध्ये तो पडून होता. त्यावर कोंबड्या बसायच्या. पट्टा उंदरांनी खाल्लेला, मागचा सरकता भाग गंजून असा बसलेला की जणू तिथेच उगवलाय. नवराबायकोने मिळून तो रॉकेलने धुतला, पॉलिश पेपरने घासला, सांध्यासांध्यांत तेल सोडलं. गंजाखालून बिडाचं लोखंड चांदीसारखं वर आलं. त्या दिवशी दोघं बऱ्याच दिवसांनी एका ताटात जेवली.

आणि सुरू केल्याबरोबर लेथ किंचाळायला लागला.

दुखणं नेमकं कुठे आहे, ते त्याला सापडेना. त्याने मोटर उघडून पाहिली, पट्टा नवा घातला, पुढचं बेअरिंग बदललं. उरलं मागचं. पण ते ठोकून काढायचं म्हणजे ते ज्यात बसलंय ते जुनं बिडाचं घर तडकायची भीती. दुखणं भलतीकडेच असलं तर चांगला अवयव कापल्यासारखं व्हायचं.

"कसला आवाज येतो?" तो विचारायचा. ती हात गरगर फिरवायची, दात-ओठ खायची, तोंडाने घरघर करून दाखवायची. तिची घरघर ऐकू आली असती, तर लेथचीही आलीच असती.

मेहुण्याने त्याच्यासाठी एका गोदामात राखणदाराचं काम बघून ठेवलं होतं. "बहिरा राखणदार," ते कळल्यावर तो बायकोला एवढंच म्हणाला होता, "चोर पाया पडतील माझ्या." आज त्यावरही हसू येईना. उद्या मेहुण्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

"भंगारवाल्याला बोलव," तो म्हणाला.

ती हलली नाही.

मोटर सोडवून घ्यावी म्हणून तो उठला. स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरली. मग काय वाटलं कोण जाणे, शेवटचं म्हणून त्याने लेथ सुरू केला आणि दोन्ही तळवे लेथच्या अंगावर ठेवले. सगळं सारखंच थरथरत होतं. तो आणखी वाकला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बिडाला लागलं.

आणि त्याच्या कवटीत आवाज झाला.

तो दचकून मागे सरला. आवाज गेला. त्याने पुन्हा टोक टेकवलं. आवाज आला, स्पष्ट. कानातून नव्हे, दातांतून, जबड्यातून. त्याने टोक मोटरवर ठेवलं. संथ गुणगुण. पुढच्या बेअरिंगवर ठेवलं. तेही गुळगुळीत. मागच्या बेअरिंगवर ठेवलं आणि घासात खडा यावा तसा त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"मागचं," तो म्हणाला. "मागचंच आहे."

गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून, हलक्या हाताने ठोकत, त्याने ते बेअरिंग काढलं. त्यातली एक गोळी फुटलेली होती. बिडाच्या घराला तडा गेला नाही. नवीन बेअरिंग बसवून त्याने लेथ सुरू केला, तेव्हा बायकोने कान झाकले नाहीत.

मग त्याने सागाचा एक तुकडा चढवला. ती बघत राहिली. पाय म्हणावा तर फार बारीक, लाटणं म्हणावं तर फार लहान. वीतभर लांबीची गुळगुळीत कांडी होती ती, दोन्ही टोकं गोल केलेली. हे काय, असं तिने हातानेच विचारलं.

त्याने कांडीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं अलगद तिच्या गळ्याला टेकवलं.

"बोल," तो म्हणाला.

तिला काही समजेना. तिने नेहमीसारखा छातीभर श्वास घेतला आणि मानेच्या शिरा फुगेपर्यंत ओरडली, "ऐकू येतंय का?"

त्याने डोळे गच्च मिटले. पोहोचलं नाही असं वाटून ती पुन्हा श्वास घ्यायला लागली. त्याने हात वर करून तिला थांबवलं. त्याचे गाल ओले झाले होते.

"हळू बोल गं," कांडी दातांत धरूनच तो म्हणाला. "एवढं ओरडायला काय झालं?"