खलनायकाचे संवाद

चित्रकथा वाचणाऱ्या मंडळाच्या रविवारच्या बैठकीत रोहिणीताईंनी नवा अंक नापास केला. "चित्रं झकास, पण खलनायक अगदीच मिळमिळीत!"

"मिळमिळीत नाही हो, मुका झालाय," फिरोज म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

अंक मोठ्याने वाचताना खलनायकाचे संवाद श्रीरंग म्हणत असे. तो वारल्यापासून त्या चौकटींवर सारे गप्प बसत. त्याच्या पत्नीला, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मृणालिनीला, ते मौन असह्य होई.

"मेलेली माणसं वाचत नसतात," म्हणत तिने अंक ओढला आणि खलनायकाचे वाक्य स्वतः वाचले.

आवाज तिचाच होता. मात्र वाक्याच्या मध्यावर, कोणतेही विरामचिन्ह नसताना, ती श्वासासाठी थांबली होती. दम्यामुळे श्रीरंग थांबत असे, तशी.

मृणालिनी घाईघाईने पाने उलटू लागली, खलनायकाचा पुढचा संवाद शोधत.