ओढ्याकाठची झोप

अपघातात चूक बाबाजीची नव्हती, तरी त्या दिवसापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. ट्रक चालवणं सुटलं. गोळ्या, अंगारे, सगळं झालं. शेवटी शेवंता नवऱ्याला घेऊन माहेरच्या मळ्यात आली.

सकाळभर तो मेव्हण्यासोबत उसाला पाणी देत चिखलात अनवाणी हिंडला. दुपारी ओढ्यात पाय धुऊन करंजाच्या सावलीत टेकला आणि बोलता बोलता घोरायला लागला.

"दाजी, भाकरी खायला चला!" भावाने हाक मारली.

"हळू बोल रे!" शेवंता कुजबुजली. "दोन महिन्यांनी झोपलेत."

सावली सरकली, तशी ती त्याच्या तोंडावरच्या उन्हाला आडवी बसली.

दिवस कलताना त्याने डोळे उघडले. "उठवलं का नाहीस? पोटात कावळे ओरडतायत!" तो कुरकुरला.

ते ऐकून शेवंताला हसता हसता रडू फुटलं.