वेशीतली बैलगाडी

महांतप्पाची बायको रुद्रम्मा बाळंतज्वरानं गेली त्या दिवशी नरहरराव डॉक्टर त्याच्या ओसरीवर खाली मान घालून बसले होते.

“या तापावर नव्या गोळ्या निघाल्यात,” ते म्हणाले. “पण हैदराबादेत महिनाभर शिकल्याशिवाय त्या आमच्या हाती देत नाहीत.”

“मग तुम्ही का न्हाय शिकलात?” महांतप्पा ओरडला.

मग महांतप्पालाच आठवलं. तीन वेळा डॉक्टर ट्रंक घेऊन निघाले होते आणि तिन्ही वेळा ईट गावच्या लोकांनी वेशीत त्यांच्या गाडीचे बैल सोडून ठेवले होते. पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नव्हता. तिसऱ्या वेळी तर बैलांच्या मानेवरचं जू महांतप्पानंच उतरवलं होतं. “रुद्रम्माचे दिवस भरत आलेत डाक्टरसाहेब, आमाला टाकून कुठं निघालात?” असं म्हणून तो हसलाही होता.

आठ दिवसांनी महांतप्पानं स्वतःची गाडी जुंपून डॉक्टरांच्या दारात उभी केली.

“बसा. बार्शीला रेल्वेत बसवून देतो. आता कुणी आडवं आलं तर माझ्याशी गाठ हाय.”

वेशीत कोंडीराम हात जोडून उभा होता. त्याची सून सकाळपासून अडली होती.

“महांतप्पा, म्या तुला काय सांगू?” एवढंच तो म्हणाला.

महांतप्पा खाली उतरला आणि त्यानं बैल सोडले.

डॉक्टरांचं ते शिकणं अजून राहिलंच आहे.